कुंताबाईचा झुपका
कोंढा गावात कुंताबाईसारखा धानाच्या लोंब्यांचा झुपका कोणालाच जमत नाही. कापणी झाली की ती निवडक लोंब्या ओल्या करते, देठात देठ गुंफते आणि चिमण्यांसाठी दारावर टांगते. पण वाटणी होऊन दोन वर्षं झाली, त्या झुपक्याला एक चोच लागली नाही. भिंतीपलीकडच्या कौलारू घरातली थोरली जाऊ उषाबाई मात्र सुतळीनं बांधलेली नुसती पेंढी लटकवते, आणि तिथं दिवसभर चिमण्यांचा गलका. तो ऐकला की कुंताबाईला मिरच्या झोंबत.

"वाटणीत आपल्याले स्लॅबचं घर आलं, वहिनीले कवेलूचं," नवरा तुलाराम समजावी. "चिमण्या कवेलूत राह्यतेत. स्लॅबवर काय करतीन त्या?"

"तुमी वहिनीचीच बाजू घ्या!"

यंदाही तेच. एका सकाळी उषाबाई पिशवी घेऊन पवनीच्या बाजाराला निघाली, तशी कुंताबाई तिच्या अंगणात शिरली. पेंढीच नेली तर येतील आपल्याकडं! ओट्यावर चढून तिनं पेंढी खिळ्यावरून काढली. तेवढ्यात कवेलूतून एक चिमणी भुर्रकन उतरली ती थेट तिच्या अंगठ्यावरच.

वजन म्हणावं तर नाहीच. पण इवल्या नख्या टोचत होत्या. चिमणीनं दाणा फोडला, त्याचा कोंडा कुंताबाईच्या नाकावर पडला. मग दुसरी आली. हात भरून आला, खांदा दुखू लागला, पण खाली कोण घेतो! आपण इथं कशाला आलो हेच ती विसरली. एकटीच हसत उभी.

"काय करून राहिली वं?" बस चुकलेली उषाबाई फाटकात.

"हलू नोका बाई. खाऊन राहिल्या."

चिमण्या उडाल्या तेव्हा पेंढी कुंताबाईच्या हातातच होती. लपवणार काय?

"नेऊन राहिली होती," ती म्हणाली. "साऱ्या तुमच्याचकडं येतेत. जीव जळते माहा."

उषाबाई भांडलीच नाही. तिची नजर कुंताबाईच्या अंगठ्यावर होती. "वीस वर्षं झाले टांगून राहिली मी. माह्या हातावर एक नाही बसली."

तो सूर कुंताबाईच्या चांगल्या ओळखीचा होता. स्वतःच्याच तोंडून तिनं तो दोन वर्षं ऐकला होता. तिला फार बरं वाटलं.

दुसऱ्या सकाळी तिनं भिंतीवरून डोकावून पाहिलं. उषाबाई ओट्यावर, हात वर, हातात पेंढी. चिमण्या कवेलूवरून नुसत्या पाहत होत्या.

'नोको बसू वं माय,' कुंताबाई मनात म्हणाली.

"पाहून काय राहिली?" उषाबाई खेकसली. "सांग नं, कशी उभी होती तू?"

"सांगतो. पण पहिले माहा झुपका तुमच्या खिळ्याले टांगू द्या."

"आन् मंग चिमण्या कोनाच्या म्हणाच्या?"

झुपका आणायला कुंताबाई घरात पळालीही होती.