माघारी आलेलं येसर

बदनापुरात स्टेशनाच्या अलीकडच्या गल्लीत शिरलं, की आपलं नाकच आपल्याला सत्यशीलाबाईंच्या दारात नेऊन सोडतं. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, एकेक जिन्नस वेगळा खमंग भाजून दळलेलं त्यांचं येसर. त्याची आमटी पंगतीत आली, की माणसं भाताला ‘पुरे’ म्हणायचं विसरतात.

बाईंचं सगळं मोजमाप मात्र त्यांच्या नाकात. चव बघायची सोयच नव्हती. घरचा नेम असा, की नव्या येसराची आमटी आधी मारुतीला, मग माणसाला. त्यामुळं दळतानासुद्धा बोट जिभेला लागायचं नाही. कढईवर वाकून वास घ्यायचा अन् म्हणायचं, “उतरव, झालं.”

माघात बाईंना सर्दी झाली. नाक चोंदलेलं, तरी हात थांबेनात. धने करपले ते कुणाला कळलंच नाही. सकाळी नैवेद्य दाखवून पुडे गावातल्या दुकानांत गेले. दुपारी पानावर बसल्यावर तातेरावांनी, म्हणजे त्यांच्या मालकांनी, पहिला घास घेतला अन् हात थांबवला.

“अगं, कडू लागून राह्यली.”

बाईंनी चाखली अन् त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “अन् म्या हीच देवापुढं ठिवली!”

त्यात चांगल्या घाण्याचे पुडे अन् करपलेल्या घाण्याचे पुडे सारखेच दिसणार. कोणते वाईट, सांगायचं कसं? तातेरावांनी गावभर फिरून सगळेच माघारी आणले.

अन् नेमके त्याच आठवड्यात जालन्याचे काकासाहेब किराणावाले दारात आले. कुठल्याशा लग्नात त्यांनी बाईंची आमटी खाल्ली होती.

“वहिनी, लग्नसराई तोंडावर आली. दुकानात एक फळी तुमच्यासाठी ठेवतो. पाडव्यापर्यंत काय ते सांगा, न्हाईतर दुसऱ्याला देतो.”

तातेराव लगेच मोठ्या कढईच्या चौकशीला लागले. बाई म्हणाल्या, “कढई मोठी केली, की करपणारं बी मोठंच होईल की वो. आधी माझ्यावाचून ही कढई चालू द्या.”

त्यांच्या हाताखाली दोघी. सून गंधाली अन् शेजारच्या गल्लीतली रहिमाबी. बाईंनी दर जिन्नसाची वाटी ठरवून दिली. मग नाक मोकळं झाल्यावर एकेक जिन्नस स्वतः बराबर भाजला अन् त्यातला थोडा काचेच्या बाटल्यांत भरून चुलीशेजारच्या फळीवर मांडला. कढईतला दाणा बाटलीशेजारी धरायचा. रंग जुळला तरच दळायला घ्यायचा.

रहिमाबी हसत सुटली. “बाई, तुम्ही तर तुमचं नाकच बाटलीत भरलं की!”

दर घाण्याच्या पुड्यांना वेगळ्या रंगाचा दोरा. नैवेद्य होऊन घरात चव बघितल्याशिवाय पुडा उंबरा ओलांडणार नाही, हेही ठरलं.

तातेराव चिडवायचे, “धंदा करून राह्यली का व्रत?”

“व्रतच समजा. नेम मोडला, तर फळ कुठून मिळायचं?”

पाडवा जवळ आला. बाईंनी एके सकाळी फोन देवळीत ठेवला अन् म्हणाल्या, “मी घरात हाये तवर ह्या दोघी मलाच विचारणार. चला, जांब समर्थला जाऊन येऊ.”

देवळात हात जोडले खरे, पण डोळे मिटले की समोर कढई. “रामराया, माफ कर रे,” त्या पुटपुटल्या. “हात तुझ्यापुढं, अन् जीव चुलीपुढं.”

“माझ्या फोनवरून लाव की,” तातेराव म्हणाले.

“न्हाई. मंग इथवर आले कशाला?”

सांजेला गल्लीत पाय टाकला अन् बाई जागीच थांबल्या. करपल्याचा वास! जालन्याची फळी गेली, असंच त्यांना वाटलं.

आत सुपात काळपट धने वेगळे पडलेले. शेजारी हिरव्या दोऱ्याचे पुडे रांगेत.

“आई, पहिले धने जास्त झाले,” गंधाली खाली मान घालून म्हणाली. “बाटलीशी जुळंनात, मंग दुसरे भाजले.”

“अजी, खरं सांग ना!” रहिमाबी मधेच बोलली. “ही बोलली, चालतील, दळल्यावर कोण बघतंय. मी बोलली, बाटली बघून राह्यली!”

“आमटी झालीय,” गंधाली म्हणाली. “नैवेद्य तेवढा तुम्ही दाखवा.”

बाईंनी ताटाला हात लावला अन् काढून घेतला. “तूच दाखव. तुझ्या हातचं येसर हाये.” एवढं सोडणं मात्र त्यांना जड गेलं, आवाजच सांगत होता.

पानावर तातेरावांनी घास घेतला. तिघी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. त्यांनी ताट पुढं सरकवलं. “भात वाढ.”

बाईंनी काकासाहेबांना फोन लावला. “फळी ठेवा, भाऊ. पण कढई सध्या हीच राहील. जमंल तेवढेच पुडे देऊ.”

तोवर रहिमाबी सूप उचलून उकिरड्याकडं निघाली होती.

“थांब, मूठभर ठेव त्यातले!” बाईंनी एक रिकामी बाटली धुऊन पुसली, तिच्यात ते काळे धने भरले अन् चांगल्या धन्यांच्या बाटलीला लागून ठेवले.

“कुठं थांबायचं, ते बी दिसाया पाहिजे.”