फोटोची मागची बाजू

आफ्रिकेतल्या गरीब मुलांच्या शिक्षणासाठी शेठजींनी जळगावात समिती काढली होती. अध्यक्ष स्वतः, चिटणीस मेहुणा. तसबिरी मढवायच्या माझ्या दुकानात आले की चहा नको म्हणत आणि दोन कप पीत. मुलांबद्दल बोलताना आवाज हळवा होई, डोळे मात्र रस्त्याने कोण चाललंय ते बघत असत.

एकदा "आपल्या शाळेतली मुलं" म्हणत त्यांनी एक रंगीत फोटो मढवायला दिला. वर्गात बसलेली हसरी मुलं. मी तो उलटा केला, तर मागे कॅलेंडरच्या तारखा छापलेल्या.

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. "नाना, मागून पुठ्ठा जाड लावा. बैठकीच्या भिंतीला ओल येते."

बाहेर वैशाखातलं ऊन होतं, आणि त्यांची बैठक दुसऱ्या मजल्यावर.