इंदूबाईंचं इंग्लंड

नवा पोशाख अंगावर चढवला की नट्या आधी आरशाकडे जातात. इंदूबाई आधी खाली बसायच्या. माझ्या दुकानाच्या फरशीवर मांडी घालून, मग गुडघ्यांवर, मग चक्क आडव्या. "आरशात काय पाहाचं? तिथं तिकीट काढून कोनी बसला हाय का?" असं त्यांचं म्हणणं. "हिरोइनीले नाटकात रडा लागते, पडा लागते, मरा लागते. मरताना शिवण उसवली तं लोकं हासतीन." पहिल्याच भेटीत त्यांनी मी शिवलेलं पोलकं असं मरून दाखवून उसवलं, आणि "परत शिव" म्हणून टेबलावर ठेवून निघून गेल्या. मला राग आला होता. शिवण खरंच कच्ची होती.

वडशात माझं ड्रेपरीचं दुकान आहे. नाटकांना लागणारे पोशाख मी शिवते आणि भाड्याने देते. दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरू लागते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. नाटक कंपन्यांची ऑफिसं वडशातच आहेत. गावची मंडळी इथे येतात, दारावरचे बोर्ड पाहतात, नाटक ठरवून जातात. बोर्डावर हिरोइनीचा फोटो सगळ्यात मोठा असतो. नामदेवभाऊंच्या कंपनीच्या बोर्डावर कित्येक वर्षं तो इंदूबाईंचा होता.

इंदूबाई ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यातल्या. लहानपणी जयंतीला विहारात भाषण करताना माइक हातात आला तो परत सोडला नाही, असं त्या स्वतःच सांगत. लग्न केलं नाही. कोणी कारण विचारलं तर म्हणत, "सीझनभर मी दर रात्री लग्न करतो. दिवसा आनखी कायले?" आमच्याकडच्या बायका करतो-जातो असंच बोलतात. पुण्याचे एक पाहुणे यावर हसले, तेव्हा इंदूबाईंनी त्यांना विचारलं होतं, "मी करतो तं खरं. तुमी काई करता का?"

पन्नाशी उलटली तरी त्या हिरोइनच होत्या. केस काळे करत, पावडर जाड लावत, आणि झाडीपट्टीचे दिवे तसे दयाळू असतात. मग कंपनीत पायल आली. वीस-बावीसची, आवाज मोकळा, पाठांतर पक्कं. त्या पावसाळ्यात नामदेवभाऊंनी इंदूबाईंना सांगितलं की यंदा आईची भूमिका घ्या.

त्या तडक माझ्या दुकानात आल्या. "आईचा रोल म्हंजे काय, माहीत हाय का तुले? पहिल्या अंकात खोकलाचं, दुसऱ्यात मराचं, तिसऱ्यात फोटोले हार."

"मग काय करणार?" मी विचारलं.

"म्हातारी होईस्तोर जे हिरोइन राह्यते, तिचं नाटक करीन."

"असं कुठलं नाटक असतं, बाई?"

"इंग्लंडात हाय."

इंग्लंड कुठून आलं, हे सांगायला हवं. इंदूबाई बाहेरून बी.ए. करत होत्या, विषय इतिहास. त्यात इंग्लंडचं टुडर घराणं होतं. त्या पेपरात त्या काठावर पास झाल्या, कारण पूर्ण वेळ एलिझाबेथ राणीवरच लिहीत बसल्या. बाकीचे प्रश्न कोरे. "बाकीच्यायत हिरोइनच नव्हती," असा त्यांचा खुलासा होता.

नामदेवभाऊ तयार नव्हते. शेवटी एक अट ठरली. कोणत्याही एका गावाला इंदूबाईंनी हे नाटक घ्यायला लावावं. चाललं तर बोर्डावर त्यांचा फोटो राहील. पडलं तर पायलचा लागेल, आणि इंदूबाई मुकाट्याने आईच्या भूमिका करतील.

पोंभुर्ण्याकडच्या एका गावची मंडळी आली तेव्हा मी मापं घ्यायला त्याच ऑफिसात होते. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे वयस्कर, जाड चष्म्याचे गृहस्थ. सोबत एक तरणा सेक्रेटरी. इंदूबाईंनी त्यांना चहा पाजला आणि खुर्ची पुढे ओढली.

"ऐका भाऊ. इंग्लंडात दोन भावक्या होत्या. एकीची निशाणी लाल गुलाब, एकीची पांढरा. शेताच्या धुऱ्यावरून भांडतात तशा भांडल्या, फक्त धुरा म्हंजे सारा देश. लालवाल्यायकडं शेवटी कोनी उरलंच नाई. तं एक दूरच्या नात्यातला पोट्टा निघाला. हेन्री टुडर. हक्क म्हनाल तं सुताएवढा, तोबी आईकडून. वाढला परमुलखात, लपून."

"मंग राजा कसा झाला?"

"फौज घेऊन आला, राजाले लढाईत मारलं, मुकुट डोक्यावर ठेवला. अन् हुशार किती पाहा, लगेच पांढऱ्या भावकीची पोरगी बायको केली. दोन्ही गुलाब एका घरात. भांडनच खतम."

"आमच्या गावात असं कोनाले सुचलं असतं तं कोर्टाच्या चकरा वाचल्या असत्या," अध्यक्ष म्हणाले.

"त्याचा पोरगा आठवा हेन्री. त्याले गादीले पोरगा पायजे होता. त्यापायी सहा बायका केल्या."

"सहा!" सेक्रेटरी सरसावून बसला.

"पहिली सोडली. दुसरीचं मुंडकं उडवलं. तिसरीनं पोरगा देल्ला अन् बाळंतपनातच गेली. चौथी पसंत नाई पडली. पाचवीचं आनखी मुंडकं. सहावी वाचली, कारन तोच आंधी मेला. अन् पहिलीले सोडाची परवानगी धर्मगुरू देईना, तं यानं देशाचा धर्मच आपल्या हाताखाली घेतला."

"मंग त्या पोराचं काय झालं?"

"नवव्या वर्षी गादीवर बसला, मिसरूड फुटाच्या आंधी मेला. राह्यल्या दोन पोरी. मोठी रानी झाली, तिनं दुसऱ्या पंथाची मानसं जित्ती जाळली अन् लहानीले किल्ल्यात कोंडलं. मंग मोठीबी गेली. अन् जिच्या मायचं मुंडकं बापानं उडवलं होतं, ते लहानी गादीवर बसली. पंचविसाव्या वर्षी बसली ते मरेपर्यंत उठली नाई."

सेक्रेटरीला एक शंका होती. "पन बाई, ज्यायनं आपल्यावर राज्य केलं, त्यायचं नाटक आमी काऊन पाहावं?"

"रावनाचं पाहत नाई का रे?"

सगळे हसले. अध्यक्ष मात्र नाही. "तिचा नवरा कोन?"

"नाई केला. सारा दरबार मांगं लागला होता, लग्न कर म्हनून. ते म्हने, नवरा आला का तो राजा, अन् मी राजाची बायको."

"मंग हिरो?"

"हिरोबी मीच."

नामदेवभाऊंनी पंख्याकडे पाहिलं. बिनहिरोचं नाटक झाडीत अजून कोणी केलं नव्हतं.

"लोकं उठून गेले तं?" अध्यक्षांनी विचारलं.

"तं फुडच्या साली मी तुमच्याच गावी येऊन आई होईन. पहिल्या अंकापासून खोकलीन."

अध्यक्षांनी आणखी एक चहा घेतला आणि नाटक ठरवून टाकलं.

पोशाखांनी माझा जीव घेतला. राणीच्या गळ्याभोवतीची ती गोल चुणीदार पट्टी मी मंडपाची झालर आणि कडक बकरम वापरून केली. आठवा हेन्री नामदेवभाऊंनाच करायचा होता, आणि ते काडीसारखे बारीक, म्हणून कोटाच्या आत उशी शिवली. विनोदी पात्र हवंच, तर राजाचा आचारी झाडीबोलीत बोलू लागला. लावणीवरून मात्र वाद झाला. इंदूबाई म्हणाल्या, इंग्लंडात लावणी नव्हती. नामदेवभाऊ म्हणाले, म्हणूनच त्यांचं राज्य गेलं. शेवटी चौथ्या आणि पाचव्या बायकोच्या मध्ये लावणी बसवली. पायलला मुंडकं उडणाऱ्या दुसऱ्या बायकोची, म्हणजे एलिझाबेथच्या आईची भूमिका मिळाली. आईचा रोल असा तिच्या वाट्याला गेला. इंदूबाईंना यात फार आनंद झाला, आणि त्यांनी तो लपवला नाही.

म्हातारपणी ही राणी लाल केसांचा टोप घालायची, म्हणून तोही केला. शेवटच्या प्रवेशात टोप उतरवायचा होता. आत घालायला मी पांढऱ्या केसांचा दुसरा टोप दाखवला. इंदूबाईंनी डोक्यावरचा पदर सरकवला. केस मुळापासून बरेच पांढरे होते. कलप लावणं त्यांनी पावसाळ्यातच थांबवलं होतं.

"बाई, लोकांनी हे एकदा पाहिलं की परत झाकता येणार नाही," मी म्हटलं.

"माहीत हाय."

"मग तुमच्या बाकीच्या भूमिकांचं काय?"

"आंधी हे तं होऊ दे."

एरवी मी प्रयोगाला जात नाही, पण ती झालर सुटेल अशी धास्ती होती म्हणून गेले. नाटक वेळेवर लागलं नाही. उद्घाटनाला पाहुणे भरपूर होते. प्रत्येकाचा सत्कार आणि प्रत्येकाचं भाषण. झाडीपट्टीतलं नाटक तसंही पहाटेपर्यंत चालतं, या भाषणांपायी तिसरा अंक पार उजाडल्यावर गेला. दिवे फिके पडले. आमच्या धंद्यात याहून वाईट काही नाही. दिवसाच्या उजेडात पावडर पावडर दिसते आणि राजाच्या पोटातली उशी उशी दिसते.

नामदेवभाऊ पडद्यामागे डोकं धरून बसले. इंदूबाईंनी एकदा बाहेर पाहिलं आणि रंगमंचावर गेल्या.

ती राणी मरताना अंथरुणावर पडायला तयार नव्हती, तासन्‌तास उभीच राहिली, असं इतिहासात आहे म्हणे. इंदूबाई टांगलेल्या माइकखाली उभ्या राहिल्या. दरबारी विचारत होते, तुमच्यामागे कोण? वारसाचं नाव सांगा. त्यांनी काही न बोलता लाल टोप काढून प्रधानाच्या हातात दिला. कोवळं ऊन थेट त्यांच्या डोक्यावर पडलं होतं. पुढे बसलेली एक बाई मोठ्याने म्हणाली, "वो माय, इचे केस तं पांढरे झाले वं." कोणी हसलं नाही. घोंगड्या गुंडाळून निघालेली माणसं होती तिथेच थांबली. झालरही सुटली नाही.

नाटक चाललं. बोर्डावरचा फोटो राहिला. पण लोकांनी पांढरे केस पाहिले होते. राणीच्या नाटकासाठी गावं इंदूबाईंना मागत आणि त्याच दमात विचारत, लग्नाच्या नाटकात ते पायलबाई हाय ना? कोणी ठरवून केलं नाही. हळूहळू बाकीची सगळी नाटकं पायलकडे गेली. इंदूबाईंकडे एकच राणी उरली.

पुढच्या सीझनला एका गावाने आणखी नवीन काढलं. पंचविशीतली राणी पायलने करावी, म्हातारी इंदूबाईंनी. हे सांगायला नामदेवभाऊ माझ्या दुकानात आले, कारण इंदूबाई तिथे होत्या आणि एकट्याने भेटायची त्यांची हिंमत नव्हती.

"लोकं मांगून राह्यले, बाई. मी काय करू?"

"त्यायले सांगा, रानी हिस्से-वाटनीत येत नाई. करीन तं पुरी करीन. नाईतर पुरी सोडीन."

"पुरी सोडा असं मी म्हनतो का?"

"तुमी काईच म्हनत नाई, नामदेवभाऊ. तुमी नुसते निरोप आनता."

त्याच आठवड्यात कंपनी सोडून त्या पोंभुर्ण्याला बहिणीकडे गेल्या. पायल पाया पडायला आली तेव्हा तिला एवढंच म्हणाल्या, "उठ, साडी मळन." तिला त्यांनी कधी काही शिकवलं नव्हतं, जातानाही शिकवलं नाही. अख्खी राणी पायल करू लागली. इंदूबाईंशिवाय नाटक बंद पडेल असं मला वाटलं होतं. पडलं नाही. बरं चाललं.

हिवाळा संपता संपता मी एका लग्नाच्या निमित्ताने पोंभुर्ण्याला गेले आणि त्यांना भेटून आले. अंगणात खाटेवर बसल्या होत्या, श्वास लागत होता. तब्येतीचं मी विचारलं, ते त्यांनी हाताने उडवून लावलं.

"कसं करते ते पोरगी?"

"चांगलं करते."

"तुले कपड्यायपलीकडं काय समजते? शेवटी काय करते ते सांग."

"पलंगावर पडते. प्रधान उशाशी बसतो."

"पलंग?" त्या खाटेवरून उठल्याच. बहीण आतून धावत आली, तिला त्यांनी परत पाठवलं. "पलंग काढून टाक म्हना. उभं राहाचं. माइकखालून हलाचं नाई. तुमच्यामांगं कोन, असं विचारतीन, तवा लगेच तोंड नाई उघडाचं. लोकायले वाट पाहू द्याची. अन् तो टोप काढून देते का?"

"काढते. खाली पांढरा टोप घालते. तिचे केस काळे आहेत, बाई."

"हाव." त्या खाली बसल्या आणि थोडा दम घेतला. "मंग केस पांढरे होईस्तोर कर म्हना."

वडशाला येऊन मी निरोप जसाच्या तसा पायलला दिला. तिने तो दोनदा सांगायला लावला. त्याच उन्हाळ्यात इंदूबाई गेल्या. पुढच्या सीझनला पायलने नामदेवभाऊंशी भांडून पलंग काढायला लावला. पांढरा टोप अजून माझ्याच दुकानातून जातो. तिला अजून तिशीही लागलेली नाही.