दौंडचं गिऱ्हाईक

“मागं कोन हाय, बघा आधी.”

आप्पांचं कुठलंही बोलणं या वाक्यानं सुरू होई. मागे कुणी नसे. शिरूरच्या एसटी स्टँडजवळच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात दुपारी असतंच कोण? तरी ते मान वळवून खात्री करत, मगच खुर्ची पुढे ओढत. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. फक्त तो टी-शर्टाचा धंदा करत नसेल.

आप्पा पाट्या रंगवणारे पेंटर. ते काम सुटल्यावर कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, की आपलं चित्र वेबसाइटवर चढवायचं. कुणी मागितलं की कंपनी ते शर्टावर छापून घरपोच पाठवते.

“म्हंजी माल न्हाई, दुकान न्हाई. मग धंदा हाय कुठं?” त्यांनी मलाच दरडावून विचारलं.

तरी चित्र घेऊन आले. उसातून बाहेर डोकावणारा बिबट्या, शर्टाच्या पाठीवर छापायचा. बघताक्षणी मला आवडला. फक्त त्याला मिशा नव्हत्या. गिऱ्हाईक समोर आल्याशिवाय शेवटचा फटकारा मारायचा नाही, ही त्यांची पाट्यांच्या वेळची रीत.

“पुरं चित्र दिलं तर चोरत्याल. गिऱ्हाईक आलं की मिशा काढू.”

इथं गिऱ्हाईक समोर येतच नाही, हे मी परोपरीनं सांगितलं. मीही कंपनीला सामील असल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

बिबट्या तसाच चढला. चार महिने कुणी घेतला नाही. आप्पा रोज येत. “इकत असत्याल, आपल्याला कळू देत न्हाईत.” पुढं पुढं त्यांचा आवाज उतरत गेला. एक दिवस म्हणाले, “चित्रातच दम नसंल.” ते मला ऐकवेना. मी गुपचूप दौंडच्या मेहुण्याच्या नावानं एक शर्ट मागवला.

स्क्रीनवर ‘दौंड’ वाचून आप्पा हरखले नाहीत. “दौंडात माझं कोन हाय? ह्यात कायतरी काळंबेरं हाय.”

पिशवीत ब्रश आणि रंगाची बाटली टाकून ते दौंडला गेले. सलग तीन रविवार. बाजारात, स्टेशनवर लोकांच्या पाठी न्याहाळत हिंडले. एकदा खिसेकापू समजून दोघांनी धरलंसुद्धा. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. भ्यालो.

तिसऱ्या रविवारी स्टेशनबाहेर चहाच्या गाडीपाशी उभ्या मेहुण्याच्या पाठीवर त्यांना आपला बिबट्या दिसला. पुढचं मेहुण्यानं फोनवर सांगितलं. आप्पांनी त्याला पाठमोरं उभं केलं, ब्रश बुडवला आणि डावीकडच्या मिशा काढल्या. मेहुणा खुशीत बोलून गेला, “दाजींनी पाठवलाय शर्ट. शिरूरला झेरॉक्सचं दुकान हाय त्यांचं.” आप्पांनी ब्रश पुसला आणि उजवी बाजू तशीच सोडून निघून गेले.

सोमवारी ते दुकानात आले, पण बसले नाहीत.

“भाऊ, चित्र बरं न्हाई म्हनला असता तरी चाललं असतं.”

“आप्पा, खरंच आवडलं होतं हो.”

“आता ते खरं कसं धरू?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसाला फसवणारा मीच निघालो. बिबट्या त्यांनी तिथल्या तिथे वेबसाइटवरून काढायला लावला. पुन्हा ते दुकानात आले नाहीत.

परवा त्यांची मुलगी मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्स काढायला आली. आप्पा गेल्याचं मला तेव्हा कळलं. कागद गोळा करताना ती म्हणाली, “दौंडला आप्पांचं एक गिऱ्हाईक हाय म्हनं. घरी लई सांगायचे. खरं हाय का वो?”

“खरं हाय.”

“मग नाव सांगा त्यांचं. आप्पा गेल्याचं कळवायला पायजे.”

मी मेहुण्याचं नाव सांगितलं. तिनं एका झेरॉक्सच्या पाठीमागे ते नीट लिहून घेतलं.