वीज गेली की

भर दुपारी पंखा थांबतो, सगळी आळी कुरकुरते आणि आमचे हे मात्र हसत गच्चीवर धावतात. तिथे त्यांनी लाकडी चौकटीला तांब्याच्या तारेचे वेढे घालून एक रेडिओ केलाय. त्यावर ना गाणी लागतात, ना बातम्या. एरवी नुसती घरोघरच्या वायरींची घरघर.

आज मीही मागोमाग गेले. "ऐक," म्हणत त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर धरला. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा तडतडाट!

"विजा आहेत. समुद्रापलीकडे कुठेतरी चमकताहेत."

आमच्या डोक्यावरचं आभाळ तर कोरडं ठाक होतं.

दूध आलं का, गोळी घेतली का, दार लावलं का. चाळीस वर्षांच्या संसारात अशीच घरघर भरून राहते. ती जरा थांबली, की शेजारचा माणूस किती लांबचं ऐकत असतो ते कळतं. त्यांचा हात अजून माझ्या कानाशीच होता.

इतक्यात खालून पोरं ओरडली, "आली, आली!" कानांत घरघर उसळली.

माझ्या तोंडून निघालं, "अगं बाई, गेली!"