तीन आठवड्यांचं हाड एका दिवसात

रुपराव गायधने यांनी तेहतीस वर्षं पगार घेतला तो हाडं मऊ करण्याचा. ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस सावजी मटणाच्या भटारखान्यात असेल. तसं नव्हतं. नागपुरातल्या एका संशोधन केंद्रात ते तंत्र सहायक होते, श्रेणी दोन. श्रेणी एक मिळावी म्हणून त्यांनी अकरा अर्ज केले होते, आणि केंद्राने एकाही अर्जाचा अपमान केला नव्हता. सगळे नीट फाइलला लावून ठेवले होते.

कॅन्सर हाडात कसा पसरतो, याचा अभ्यास तिथे चाले. उंदराच्या अंगात कॅन्सरच्या पेशी सोडायच्या, काही आठवड्यांनी त्याच्या पायाच्या हाडाचा केसाहून पातळ काप काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. पण हाड म्हणजे काकडी नव्हे. आधी त्यातला चुना काढून टाकावा लागतो, नाहीतर पात्याची धार जाते आणि हाडाचा भुगा होतो. रुपराव ते पाय एका सौम्य द्रावणात ठेवत, दिवसाआड द्रावण बदलत आणि तीन आठवडे वाट बघत. जहाल अ‍ॅसिड वापरलं तर हेच काम एका दिवसात होतं. फक्त मग जे बघायचं असतं, तेच त्यात नासतं.

बघायच्या असत त्या लाल पेशी. कॅन्सर मोठा बेरकी. तो स्वतः हाड पोखरायला बसत नाही. जुनं हाड खरवडण्याचं काम करणाऱ्या पेशी शरीरात आधीपासूनच असतात, त्यांना तो फितवतो, आणि मग त्या घरचंच घर खायला लागतात. रुपरावांनी दिलेल्या रंगात या हाडखाऊ पेशी डाळिंबाच्या दाण्यासारख्या लाल दिसत. जितक्या जास्त लाल, तितकं हाड धोक्यात.

केंद्राचे प्रमुख सुमंत सर. त्यांना या रोगावरचं औषध संत्र्याच्या सालीत सापडलं होतं. नागपुरात बसून औषध शोधायचं आणि ते संत्र्यात सापडलं नाही, तर अनुदान कोण देणार? ज्या उंदरांना सालीचा अर्क दिला नव्हता, त्यांची हाडं रुपरावांनी आधीच तीन आठवडे घेऊन केली होती. स्लाइड्स लालभडक आल्या होत्या. आता अर्क दिलेल्या उंदरांची पाळी होती, आणि नेमकं तेव्हाच दिल्लीहून समिती येत असल्याचं पत्र आलं. हातात पाच दिवस.

"रुपरावजी, अ‍ॅसिडमध्ये टाका," सर म्हणाले.

"सर, अ‍ॅसिडात टाकलं तर लाल रंगच येत नाही. पेशी असली तरी दिसत नाही. अन् पहिल्या उंदरांचं आपण हळू केलं हाये."

"समिती हळू येणार आहे का?"

विज्ञानात प्रश्न विचारता आले पाहिजेत, असं सर प्रत्येक भाषणात सांगत. ते कोणी विचारायचे, हे मात्र ठरलेलं होतं.

रुपरावांनी पाय अ‍ॅसिडात टाकले. दुसऱ्या दिवशी हाडं मऊ, तिसऱ्या दिवशी स्लाइड्स तयार, आणि लाल रंग औषधालाही सापडेना. सूक्ष्मदर्शकातून डोळा काढताना सरांना गहिवरून आलं. पीएचडी करणारी अस्मिता म्हणाली, "सर, एकसुद्धा पेशी नाही, हे जरा जास्तच चांगलं नाही का?" त्यावर सरांनी तिला प्रबंध कधी सादर करणार आहेस, असं विचारलं, आणि तिची शंका जागच्या जागी फिटली. रुपरावांनी रजिस्टरमध्ये 'अ‍ॅसिड, एक दिवस' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि मूग गिळून बसले. ते रजिस्टर कोणी वाचत नसे, त्यामुळे त्यात खरं लिहायला हरकत नव्हती.

समिती खूश झाली. संत्रा बर्फी वाटली गेली, रुपरावांनी दोन तुकडे घेतले. समिती गेल्यावर चौथ्या दिवशी पेपरात बातमी आली, 'संत्र्याच्या सालीपुढे हाडांचा कॅन्सर नरमला'. सोबत फोटो. मधोमध सर, शेजारी समिती, आणि उजव्या टोकाला हसणारे रुपराव.

पुढे मन खाऊ लागलं, तेव्हा त्यांनी कोणाला न सांगता एक काम केलं. प्रत्येक उंदराचा डावा पाय राखून ठेवायची पद्धत होती. अर्क दिलेल्या उंदरांचे डावे पाय त्यांनी सौम्य द्रावणात ठेवले आणि शिस्तीत तीन आठवडे थांबले. स्लाइड्स लालभडक. अर्क न दिलेल्यांपेक्षा एका ठिपक्यानेही कमी नाहीत. उंदरांना सालीचा एकच उपयोग झाला होता, तोंड कडू होण्याचा. रुपरावांनी त्या स्लाइड्स ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. एवढ्यासाठी हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? उंदरांच्या बाजूने तक्रार येण्याची शक्यता नव्हती.

रुपरावांची मोठी बहीण रुखमाबाई मौद्याला राहायची. तिचा स्तनाचा कॅन्सर दोन वर्षांपूर्वी मणक्यात उतरला होता. हाडांना बळ देणारं इंजेक्शन सलाइनमधून घ्यायला ती दर महिन्याला नागपुरात, धंतोलीत डॉ. अरुंधतींच्या दवाखान्यात यायची. रुपराव सकाळीच जाऊन नंबर लावून ठेवत. बातमी आली त्या महिन्यात मात्र सरांचे तीन सत्कार होते, आणि खुर्च्या मांडायला रुपराव लागत होते. ते गेले नाहीत. पुढच्या महिन्यात गेले, नंबर लावला, दुपारपर्यंत बसले. रुखमाबाई आली नाही. आधीच्या महिन्यातही आली नव्हती, असं खिडकीवरच्या मुलीने वही बघून सांगितलं. रुपरावांनी तिथूनच मौद्याची बस धरली.

रुखमाबाई गॅसपुढे उभी होती, एक हात कमरेवर. पातेल्यात संत्र्याच्या साली उकळत होत्या.

"इंजेक्शनले काहून नाही आली वं बाई?"

"आता कायले येऊ? तुह्याच लॅबचं औषध घेऊन राहिली ना. दोन महिने होत आले."

भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी, पेपरातलं कात्रण चिकटवलेलं होतं.

"पेपरवाले काही बी छापते, मले माहीत हाये," ती म्हणाली. "पण त्याच्यात तू होता. मंग मी म्हटलं, खरंच असन."

"पाठ कशी हाये?"

"दुखते. पहिल्यापेक्षा जास्तच. औषध लागू होऊन राहिलं असन."

रुपराव पाटावर बसले आणि सगळं सांगितलं. अ‍ॅसिड, न दिसलेला लाल रंग, डावे पाय, ड्रॉवर. तिला अर्धं कळलं, अर्धं कळलं नाही, पण जे कळायला हवं होतं ते बरोबर कळलं. तिने गॅस बंद केला.

"तुले कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"अन् फोटोत तू हसून राहिला होता."

फोटोवाल्याने हसा म्हटलं होतं, हे अगदी खरं होतं. पण ते सांगायला रुपरावांची जीभ उचलेना. लहानपणी याच बहिणीने त्यांना कडेवर घेऊन शाळेत पोचवलं होतं, आणि आज तिला कंबर धरून उभं राहावं लागत होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. लाज वाटण्याची सवय सुटलेली असल्यामुळे ती फार जड गेली.

दुसऱ्या दिवशी दोघं धंतोलीत गेली. एक्सरे झाला. डॉ. अरुंधतींनी तो प्रकाशापुढे धरला. कमरेतला एक मणका दबला होता. दोन महिन्यांपूर्वीच्या एक्सरेत तो धड होता.

"दोन डोस चुकलेत, रुखमाबाई. का नाही आलात?"

"बस नाही भेटली," रुखमाबाई म्हणाली.

मौद्याहून नागपूरला दिवसभर बस असते. दोन महिने ती कशी मिळत नाही, हे डॉक्टरांनी विचारलं नाही. पेशंटच्या थापा ऐकून घ्यायची त्यांना सवय असावी. रुखमाबाई भावाकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत बसली होती. आपल्याला ती वाचवते आहे, हे रुपरावांना कळलं. गप्प बसणं आताही सोपं होतं. बर्फी मिळाली नसती एवढंच.

"बस रोज भेटते, मॅडम," ते म्हणाले. "ती साल उकळून पिऊन राहिली होती. ते पेपरातलं चूक हाये. त्या स्लाइड्स मीच काढल्या."

मग त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. डॉ. अरुंधतींनी पेन खाली ठेवलं.

"माझ्या आणखी तीन बायका यायच्या थांबल्या आहेत," त्या म्हणाल्या. "एक कामठीची, एक काटोलची, एक इथलीच, लकडगंजची. फोन केला की म्हणतात, साल सुरू आहे. मी समजावते, तर म्हणतात, पेपरात आलंय, तुम्हालाच माहीत नाही. तुम्ही हे लिहून द्याल? मी त्यांना दाखवीन. तुमच्या केंद्राला आणि पेपरलाही पाठवावं लागेल, ते आधीच सांगते."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. रुपरावांना सरांचा चेहरा दिसला, चौकशी दिसली, अडकलेली पेन्शन दिसली. तरी लिहायला घेतलं. अर्क दिलेल्या उंदरांची हाडं अ‍ॅसिडात केली होती, म्हणून लाल पेशी दिसल्या नाहीत. हळू केलेल्या स्लाइड्समध्ये त्या जशाच्या तशा आहेत. सालीने काही होत नाही. कोणी इंजेक्शन सोडू नये. खाली त्यांनी सही केली, तेहतीस वर्षं करत आले तशी, एक अक्षर, एक फराटा आणि टिंब.

रुखमाबाईने कागद ओढून जवळ घेतला. चौथीपर्यंत शिकलेली असल्याने ती एकेक ओळ बोट फिरवत वाचत गेली आणि शेवटी थांबली.

"हे कोन होय?"

"मी."

"तू कसा? हे तर कोनाचं बी असन." तिने कागद परत त्यांच्यापुढे ठेवला. "पुरं नाव लिही गा. बापाचं बी टाक. आमच्यासारख्या बाया आपला मानूस पाहूनच भरोसा ठेवते."

रुपरावांनी पेन घेतलं आणि सहीखाली लिहिलं, रुपराव सदाशिव गायधने. हे अक्षर कोणालाही वाचता येत होतं.