आण्णांनी लावलेली जोड

आमच्या गावच्या यात्रेचा विषय कुणी काढला की माझ्या तोंडाला अजून कडू पाणी सुटतं. लोकांना पाळणे आठवतात, गोडीशेव आठवते. मला आठवतो ग्रामपंचायतीचा हॉल, भाड्यानं आणलेला मोठा पडदा, आणि माईकवरनं आलेलं एक वाक्य. राग येऊन जातो. किळस जात नाही, ती हाताला लागलेल्या डिंकासारखी राहते.

मी साताऱ्याला एका कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढते. गाव इस्लामपूरच्या अलीकडं, उसाच्या पट्ट्यात. दिवसभर ड्रॉइंग काढायची आणि संध्याकाळी खोलीवर येऊन जनावरांच्या लढाया करायच्या, असं माझं आयुष्य आहे आणि मला त्याची काडीची लाज वाटत नाही. ज्यांना वाटायची ती वाटून झाली.

हातात मावणारं गेमचं मशीन असतं. त्यात आपण सहा जनावरांचा संघ बांधायचा. कुणी आगीचं, कुणी पाण्याचं, कुणी मातीचं, कुणी विजेचं. दोघं खेळणारे एकाच वेळी आपापल्या जनावराला हुकूम देतात, आणि ज्याचं जनावर चपळ त्याचा टोला आधी बसतो. माझी सगळी भिस्त एका विजेच्या जनावरावर. अंगानं नुसतं चिपाड, एक दणका बसला की आडवं. पण चपळ इतकं की समोरचं हलायच्या आत याचं काम झालेलं. त्याचा एक डाव मला लय आवडतो. टोला मारायचा आणि त्याच पावली माघारी यायचं, आपल्या जागी दुसरा गडी उभा करून. मात्र मातीच्या जनावरावर वीज अजिबात चालत नाही. समोरच्यानं ऐन वेळी मातीचं काढलं की आपला टोला फुकट आणि वर हसं. म्हणून समोरचा काय करणार हे आधी ओळखावं लागतं. नुसती बटणं दाबून जमलं असतं तर माकडंही चॅम्पियन झाली असती.

आण्णा म्हणजे माझे वडील. जुने पैलवान. माती सोडून जमाना झाला, पण आसपासच्या यात्रांना कुस्त्यांच्या जोडी लावायला अजून त्यांनाच बोलावणं येतं. आमच्याकडं मैदानात चिठ्ठ्या टाकत नाहीत. पैलवान येऊन उभे राहतात, जाणती माणसं त्यांचं अंग बघतात, मागच्या कुस्त्या आठवतात आणि सांगतात, हा ह्याच्याशी. याला जोड लावणं म्हणतात. हलकी जोड लागली तर पब्लिक शिव्या घालतं आणि चांगली लागली तर वर्षभर बोलतं. आण्णांच्या जोडीला कुणी नावं ठेवल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मला भाऊ नाही, बहीण नाही. आमच्या घरातलं कुणी आण्णांच्या नंतर मैदानात उतरलं नाही. ते कधी बोलून दाखवायचे नाहीत, पण दुसऱ्याचा पोरगा कुस्ती मारून आला की त्याच्या पाठीवर हात ठेवून ते जरा जास्तच वेळ उभे राहायचे. मी ते लहानपणापासून बघितलेलं. एकदा, फक्त एकदा, आण्णांसमोर भर गर्दीत खरी लढत खेळायची एवढीच माझी इच्छा होती. हसायचं त्यांनी हसावं.

शनिवारी घरी आले की मी मशीन टीव्हीला जोडायचे आणि नेटवरनं कुणाशीतरी खेळायचे. सुरुवातीला आण्णा कुरकुरले. मग चहाचा कप घेऊन मागं बसायला लागले. एक दिवस म्हणाले, "हे मारून माघारी का पळालं गं?"

"पळालं न्हाई आण्णा, दुसऱ्याला जागा दिली. हे लय नाजूक हाय, त्याला मार खाऊ द्यायचा न्हाई."

आण्णांनी विचार केला. "मग बरोबर हाय. हलक्या गड्यानं अंगाला अंग लावायचंच न्हाई. डाव मारायचा आन सुटायचं."

दोन महिन्यांत माणूस तयार झाला. समोरच्यानं संघ दाखवला की आण्णा मागून सांगायचे, आता ह्यो मातीचं काढतोय बघ. आणि तो काढायचा. कुस्तीतली नजर ती, कशालाही लागू पडते. त्या घरात त्या शनिवारांइतकी मी कधीच सुखी नव्हते, हे मी आज तोंड वाकडं करून का होईना, पण कबूल करते.

आता आमच्या गावचा हिरो. यात्रा कमिटीच्या अध्यक्षांचा पुतण्या. हाही तोच खेळ खेळायचा आणि गावात त्याला कुणी पाडलेलं नव्हतं. त्याच्याकडं पाण्यातला एक उडता राक्षस होता. पहिल्या हुकुमाला तो नुसता अंग फुगवायचा आणि दुसऱ्यापासून समोरच्याची रांगच्या रांग झोपवायचा. पुतण्याच्या गाडीच्या मागच्या काचेवरसुद्धा त्या राक्षसाचं चित्र. चार पोरं कायम मागं, भाऊ भाऊ करत. मी दोनदा निरोप धाडला की माझ्याशी खेळ. त्यानं सांगून पाठवलं, बायकांशी काय खेळायचं, हरवलं तर रडत्यात. असल्या माणसाचं मला काय वाटतं ते लिहिण्याजोगं नाही.

मी तो राक्षस पाडायचा अभ्यास केला. साताऱ्यातल्या एका मैत्रिणीनं माझ्यासाठी तसाच एक वाढवला आणि आम्ही महिनोन्‌महिने त्याच्याशीच खेळलो. पाण्यातलाही आणि उडणाराही, म्हणजे विजेचा मार त्याला दुप्पट लागतो. प्रश्न एवढाच की त्याचं अंग फुगायच्या आत टोला बसला पाहिजे. बसायला लागला. आण्णांनी तेही बघितलं, एकेका शनिवारी चहा गार करून बघितलं.

मग त्या वर्षीच्या यात्रेला पोरांनी कमिटीच्या मागं लागून गेमचं मैदान घेतलं. कमिटीनं परवानगी दिली, पण अट घातली. मैदान म्हणजे मैदान, चिठ्ठ्या चालणार न्हाईत, जोड जाणती माणसं लावणार. आणि जाणती माणसं म्हणजे आण्णा, अध्यक्ष आणि त्यांच्या वयाचे आणखी दोघं. मला आनंदच झाला. पुतण्या किती टाळील? जोड लावणाऱ्याचा शब्द फिरवायची आमच्याकडं रीत नाही.

दुपारी हॉल गच्च भरला. खिडक्यांतही माणसं. पंच मंडळी पुढं खुर्च्यांवर, फेटे बांधून. आम्ही खेळणारे रांगेत उभे, हातात मशीन घेऊन. आणि पंचांनी काय करावं? पोरांची अंगं बघायला सुरुवात केली. जाड्या पोराची जोड जाड्याशी. लुकड्याची लुकड्याशी. मिशा फुटलेल्याची मिशा फुटलेल्याशी. एकाला तर दंड दाखव म्हणाले, आणि त्या गाढवानं दाखवला. मला हसावं की रडावं कळेना. जनावरं मशीनमध्ये आहेत, शर्टात नाहीत, हे सांगायची कुणाची छाती नव्हती. मीही गप्प बसले, कारण मला माहीत होतं की त्या चौघांत एक माणूस खेळ ओळखतो.

शेवटची मोठी लढत उरली. पुतण्या पुढं येऊन उभा राहिला, मागं त्याची चार पोरं. मी पुढं झाले. आण्णांनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. चांगलं सावकाश बघितलं. मी मशीन चालू केलं. मग ते वाकले आणि माईकवाल्याच्या कानात बोलले.

माईकवाला म्हणाला, "आता महिलांची प्रेक्षणीय कुस्ती होईल."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. प्रेक्षणीय कुस्ती नंबराला नसते. मोठ्या कुस्तीच्या आधी पब्लिकला विरंगुळा म्हणून लावतात. आणि माझ्यासमोर आणून बसवलं कुणाला, तर अध्यक्षांच्या सुनेला. बिचारीला सकाळीच कुणीतरी मशीन हातात दिलेलं. नवी कोरी साडी, कपाळावर घाम. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ताई, ह्यातलं कुठलं बटण दाबायचं? मला सैपाक टाकून आणलंय."

तिची काय चूक? तिलाही माझ्यासारखंच उचलून आणलेलं. मी तिला बटण दाखवलं. माझं विजेचं जनावर उभं केलं, तिनं जे पहिलं होतं ते काढलं. सहा टोल्यांत संपलं. सहा टोल्यांसाठी मी वर्ष घातलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शाळेच्या गॅदरिंगला पोरींच्या नाचाला वाजवतात तशा, कौतुकानं, ओठ मुडपून. अध्यक्षांनी आम्हा दोघींना साडीचोळी आणि नारळ दिला. जिंकलेलीला तेच, हरलेलीला तेच. पिवळट, झिरझिरीत, भाताच्या पेजेसारखी साडी. ती हातात घेताना माझ्या अंगावर शहारा आला, पाल अंगावर पडल्यावर येतो तसा.

मग पुतण्याची जोड लागली, सांगलीहून आलेल्या एका पोराशी. त्याच्या संघात विजेचं एकही जनावर नव्हतं. राक्षसानं अंग फुगवलं आणि पुढं काय झालं ते सांगायला नको. गुलाल उधळला. हलगी वाजली. ज्याच्या हाती ससा तो पारधी. पुतण्या येऊन आण्णांच्या पाया पडला आणि आण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिथंच जरा जास्त वेळ ठेवला. मला तिथं उभं राहवेना, पण मी राहिले, कारण आण्णांना घरी न्यायला दुसरं कुणी नव्हतं.

घर लांब नाही. आम्ही चालत निघालो. आण्णांनी फेटा काढून काखेत धरला होता. खुशीत होते. रस्त्यात भेटेल तो म्हणायचा, आण्णा, मैदान झ्याक झालं. मी साडी आणि नारळ घेऊन मागनं चालत होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? पण पाण्याच्या टाकीपाशी माझ्यानं राहवलं नाही. मला वाटलं होतं की बापाचं काळीज आहे, चारचौघांत लेक हरायला नको म्हणून त्यांनी असं केलं असेल. मी स्वतःला ते सांगून सांगून कशीबशी शांत केलेली.

मी म्हटलं, "आण्णा, मी हरीन म्हणून भ्यालासा व्हय?"

आण्णा थांबले. त्यांना खरोखरच नवल वाटलं.

"हरशील? कशानं हरतीयास? त्याचा राक्षस अंग फुगवायच्या आत तुझ्या जनावरानं त्याला झोपवला असता. त्या पोरात दम न्हाई. एक जनावर पडलं की त्याचं समदं पडतंय. मी काय आंधळा हाय?"

हे ऐकायला मी कितीतरी महिने वाट बघितली होती. बापाच्या तोंडून, इतकं स्वच्छ. आणि ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग जोड का न्हाई लावली?"

"अगं, समदं गाव बसलेलं," आण्णा म्हणाले. समजुतीनं म्हणाले, लहान पोराला शिकवावं तसं. "अध्यक्ष माझ्या शेजारी बसलेला. पोरीनं पाडलं म्हणल्यावर त्या पोरानं गावात तोंड कुठं दाखवायचं? जोड लावणाऱ्यानं नुसता डाव बघून भागत न्हाई. माणसाची अब्रू बघावी लागती."

"आन माझी?"

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. त्यात लबाडी नव्हती, राग नव्हता. मी काय विचारतेय तेच त्यांना कळलं नव्हतं.

"तुझी कशाला जातीया," ते म्हणाले. "तू पोरगी हायस."